रणछोड

सिल्वासाजवळच्या खडोलीत सुताच्या कंपनीसमोर हसमुखभाईची चहाची लारी, म्हणजे हातगाडी, उभी असते. लारीच्या छपराला आतून डाकोरच्या रणछोडरायाची तसबीर टांगलेली आहे. रण सोडून गेला म्हणून कृष्णाला ते नाव पडलं आणि त्याच नावापुढे अर्धा गुजरात हात जोडतो. हसमुखभाई रोज सकाळी तसबिरीला अगरबत्ती ओवाळतो, ती साखरेच्या डब्यामागे खोचतो आणि त्याच तोंडाने मंजुळाबाईच्या पोराला, नवनाथला, हाक मारतो, "आवो आवो, रणछोडभाई!"

लारीभोवतीचे सगळे हसतात. ज्याच्या पाया पडायचं त्याचंच नाव शिवी म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचं, याला कोडगेपणा म्हणतात. पण चहा पिणाऱ्यांना कोडगेपणा कुठे दिसतो?

नवनाथने केलं काय होतं? दिवसा तो त्या कंपनीत मशीन चालवायचा आणि संध्याकाळी सिल्वासात टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये एमएमए, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे-लाथांसकट खेळायची झुंज, शिकायचा. मंजुळाबाई त्याला पिंजऱ्यातली कुस्ती म्हणायची. सुरतेला त्याची पहिली लढत झाली. समोरच्याला त्याने दोनदा उचलून आपटलं, त्याचं नाकही फोडलं. पण शेवटी तो गडी पाठीवर चढला आणि त्याने नवनाथच्या गळ्याला हाताचा फास घातला. नवनाथने त्याच्या दंडावर थाप मारली. या खेळात थाप मारली की लढत संपते, मारणारा हरतो. त्याआधीचं कोणी पाहिलं नाही. थाप मारतानाचा व्हिडिओ तेवढा कंपनीतल्या प्रत्येक फोनवर पोचला.

नवनाथचा बाप सुकदेव त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन. त्याची खुर्ची लारीच्या बरोबर समोर. त्यामुळे "रणछोड" ही हाक पोराच्या आधी बापाच्या कानावर पडायची.

"पाठ टेकली असती तर मी एक शब्द बोललो नसतो," सुकदेव पहिल्याच संध्याकाळी घरी म्हणाला. "पाठ दुसरा टेकवतो. थाप मारणारा हात तर तुझाच होता ना?"

"नाना, श्वास बंद झाला होता माझा."

"मंग होऊ द्यायचा होता! आमच्याकडे कुस्तीच्या मातीत असं कोणी करत नाही. पळपुटा कुठला."

त्यानंतर बापाने पोराशी बोलणं टाकलं. एका खोलीत राहायचं, एका ताटलीतली चटणी घ्यायची आणि निरोप मात्र मंजुळाबाईच्या मार्फत. "त्याले म्हण, नळाले पाणी आलं." "त्याले सांग, मोटरसायकल आत घे." दिवसभर प्लास्टिकच्या झाकणांची पोती भरून आलेली ती बाई, घरी येऊन दोन पुरुषांचं पोस्ट ऑफिस चालवायची.

शेवटी नवनाथला शिकवणारा शंतनु घरी आला. पुण्याचा पोरगा, इथल्या एका कंपनीत इंजिनिअर होता. त्याने सुकदेवला फार नम्रपणे सांगितलं, "नाना, थाप मारणं आम्ही सगळ्यात आधी शिकवतो. तुमचा हात द्या, दाखवतो."

सुकदेवने दोन्ही हात मागे घेतले. "मले ड्युटी आहे," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

मंजुळाबाईने मग स्वतःचा हात पुढे केला. "मले दाखव."

शंतनुने तिचं मनगट धरलं आणि कोपर जरासं उलट्या बाजूला दाबलं. अगदी जरासंच.

"अय माय! सोड रे मेल्या!"

शंतनुने लगेच सोडलं. "काकू, हीच थाप. तुम्ही तोंडाने मारली एवढंच. आता मला सांगा, तुम्ही पळपुट्या का?"

ती कोपर चोळत हसली आणि नंतर तिला रडूच आलं. एवढी साधी गोष्ट. दुखलं की माणूस सोड म्हणतो. तव्याला बोट लागलं की हात मागे येतो, त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मग पिंजऱ्यात काय माणसाचं हाड बदलतं?

पण तिच्या रडण्याचं खरं कारण शंतनुला माहीत नव्हतं. ते तिच्या पोटात लग्नापासून पडून होतं.

सुकदेव पैलवान होता, असं तो म्हणायचा. यावलकडच्या त्यांच्या गावी जत्रेत कुस्त्या व्हायच्या. मंजुळाबाई नवी नवरी असताना त्याची कुस्ती शेजारच्या गावच्या एका दांडग्या गड्याशी ठरली. दोन्ही गावं महिनाभर तेच बोलत होती. जत्रेच्या दिवशी सुकदेव उठलाच नाही. गोधडी डोक्यावरून घेऊन म्हणाला, "सांग त्यांना, पोट बिघडलं माझं." बोलवायला आलेल्या पाच-सहा माणसांना डोक्यावरचा पदर सावरत तिने दारातून सांगितलं, रात्रभर जुलाब चालू आहेत. माणसं गेली. मग गोधडीतून बाहेर येऊन सुकदेवने ठेचा आणि भाकरी खाल्ली, वर दुसरी मागून घेतली. त्याच वर्षी त्यांनी गाव सोडलं आणि सिल्वासाला आले. तेव्हापासून ती ही गोष्ट सांभाळत आली. नवऱ्याची अब्रू झाकायची ती बायकोने नाही तर कोणी, असं तिला शिकवलेलं होतं.

पुढे नवनाथची दुसरी लढत ठरली, तीही सिल्वासातच, एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नकार्याच्या मैदानावर. गेटवरच्या झाडून सगळ्यांनी पाहायला येतो म्हणून कळवलं. हसमुखभाई म्हणाला, लारी बंद ठेवून येतो. अशा माणसांना पोरगा जिंकलेला पाहायचा नसतो, पुन्हा थाप मारताना पाहायचा असतो.

आदल्या दिवशी नवनाथ खाटेवर पालथा पडला होता आणि ती त्याच्या पाठीला तेल चोळत होती.

"माय, नाना येतील?"

"येतील. पांढरा कुडता इस्त्रीला दिला त्यांनी."

त्याची पाठ तिच्या हाताखाली कडक झाली. सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तुझा बाप मातीत उतरलाच नव्हता रे बापा. तू उतरलास, मार खाल्लास, हरलास. त्याचं ऐकून स्वतःचा जीव घेऊ नकोस. तिने तोंड उघडलं, आणि "कूस बदल" एवढंच म्हणाली.

लढतीला सुकदेव पहिल्या रांगेत बसला. मंजुळाबाई त्याच्या शेजारी. समोरचा पोरगा इंदूरचा होता, लांब हातापायाचा. सुरुवातीला नवनाथने त्याला चांगलं बदडलं. लोक शिट्ट्या मारत होते, आणि सुकदेव मांडीवर मूठ आपटून "शाब्बास!" म्हणाला. सुरतेनंतर पोरासाठी त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द होता.

मग दोघे खाली पडले. इंदूरच्या पोराने नवनाथचा उजवा हात पायांमध्ये पकडला आणि अंग मागे झोकलं. शंतनुने तिला दाखवलं होतं तेच, फक्त इथे जरासं नव्हतं. कोपर उलटं जायला लागलं.

"मार थाप!" मंजुळाबाई उठून ओरडली. "नव्या, मार थाप!" पिंजऱ्याबाहेरून शंतनुही तेच ओरडत होता.

"धर!" सुकदेव ओरडला. "सोडू नको! धर!"

पंच गुडघ्यावर बसला आणि नवनाथला काहीतरी विचारलं. नवनाथने मान हलवली, नाही. त्याचा डावा हात मोकळा होता. कुठेही आपटला असता तरी चाललं असतं. त्याने जाळीतून एकदा पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि ती मूठ घट्ट मिटून घेतली. मग आवाज आला. पंचाने त्या पोराला ओढून बाजूला काढलं, तोवर कोपर कोपराच्या जागी नव्हतं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुकदेवच्या डोळ्यांत पाणी होतं. "थाप नाही मारली," तो शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता. "पाहिलं ना तुम्ही? नाही मारली."

मंजुळाबाईला त्या क्षणी नवऱ्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली, टाके पडले. सुकदेव आता पोराला स्वतःच्या हाताने घास भरवायचा, त्याची चादर सारखी करायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाघ म्हणून दाखवायचा. घरात बोलणं सुरू झालं. एवढा सलोखा त्या खोलीत कधी नव्हता, आणि मंजुळाबाईला तो नकोसा झाला होता. किती महाग सलोखा!

बाहेर मात्र कौतुक लवकरच आटलं. कंपनीतल्या ठेकेदाराने मशीनवर दुसरा माणूस घेतला. एका हाताच्या माणसाचं मी काय करू, म्हणाला. आणि एके सकाळी मंजुळाबाई लारीवर चहा घेत असताना हसमुखभाई काळजीच्या सुरात म्हणाला, "भाभी, लडके में थोडी अक्कल होनी चाहिए थी. हाथ पटक देता, बात खतम. ऐसा कौन करता है?"

बाजूचे माना डोलवत होते. हो ना, मूर्खपणाच केला. जिवापेक्षा का खेळ मोठा?

ती हसमुखभाईकडे वळली. "त्याले रणछोड कोण म्हणत होतं रे? तुझा बाप?"

"अरे, वो तो मजाक था, भाभी."

"मजाक!" तिने उरलेला चहा लारीच्या चाकावर ओतला. "हात आपटला तर पळपुटा, नाही आपटला तर अडाणी. तुम्ही कधी उतरलात रे त्या पिंजऱ्यात? बिस्किटं बुडवून दुसऱ्याच्या हाडांचा हिशेब करता मेल्यांनो!"

समोरच्या खुर्चीत बसलेल्या सुकदेवने सगळं ऐकलं होतं. तो एकदम उठला आणि आत येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहून घ्यायला लागला.

प्लास्टर निघालं तरी हात सरळ होईना. सिल्वासातल्या एका दवाखान्यात पद्मजा नावाची नाशिकची मुलगी व्यायाम करून घ्यायची. ती नवनाथचा हात धरून हळूहळू ताणायची.

"दुखलं की सांगा. मी थांबते."

नवनाथ छताकडे पाहत पडून राहायचा. कपाळावर घाम, जबड्याच्या शिरा वर आलेल्या, पण तोंडातून शब्द नाही.

"अहो, सांगा ना," पद्मजा वैतागली. "तुम्ही सांगितलं नाही तर मला कळणार कसं? जास्त ताण गेला तर आत फाटेल. मग हात कायमचा असाच राहील."

ती शेकायची पिशवी आणायला गेली. मंजुळाबाई पोराच्या उशाशी आली. आता झाकून ठेवण्यासारखं काय उरलं होतं? तिने सगळं सांगितलं. जत्रा, गोधडी, दारात आलेली माणसं, ठेचा-भाकरी. "असल्या माणसापायी तू हात मोडून घेतला, बापा. मी आधीच सांगायला पाहिजे होतं. आता तरी दुखतं तर दुखतं म्हण."

नवनाथने तिच्याकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मला माहीत होतं, माय."

"कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? सुट्टीत गावी गेलो की पोरं मला जुलाब-पैलवानाचा पोरगा म्हणायची."

ती खाली स्टुलावर बसली. "मंग थाप काहून नाही मारली रे?"

"सुरतेनंतर नाना मला शिव्या देत नव्हते, माय. स्वतःला देत होते. पोरगा आपल्यावरच गेला, असं वाटत होतं त्यांना. रोज त्या खुर्चीत बसून ऐकत होते." तो थांबला. "म्हटलं, एकदा त्यांना ताठ मानेने घरी जाऊ द्यावं."

पद्मजा पिशवी घेऊन आली. मंजुळाबाई उठून बाहेर गेली. बाकावर सुकदेव बसला होता. शहाळं घेऊन आला होता पोरासाठी.

"काय म्हणतो आपला वाघ?"

"त्याले सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "जत्रेचं. लहानपणापासून माहीत आहे. तुमची मान वर राहावी म्हणून त्याने हात मोडू दिला."

सुकदेवने शहाळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग अगदी हळू, जणू तीही दारात आलेल्या त्या माणसांपैकीच एक होती, तसा तिला म्हणाला, "पोट खरंच बिघडलं होतं गं माझं."

"नव्हतं बिघडलं," मंजुळाबाई म्हणाली.

आत पद्मजाने हात ताणायला सुरुवात केली होती. दुखलं की सांगा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नवनाथचा काहीच आवाज येत नव्हता.