बाबांची पडायची स्टाइल

"ही नक्कल नाही हो ताई, मानवंदना आहे!" असं म्हणत दिग्दर्शकानं मोबाइल माझ्या नाकाशी धरला. त्यात तरुणपणीचे माझे बाबा जिन्यावरून पडत होते.

डोंबलाची मानवंदना! बाबांचा हा शॉट इतक्या सिनेमांनी उचललाय की कोणी कोणाचा चोरला हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मारामारी आली की जिना आलाच, आणि त्यावरून मान मागे टाकून, हात हवेत सोडून कोणीतरी पडणार. त्याला म्हणे स्टाइल म्हणतात.

कसली स्टाइल? बाबांचा पाय घसरला होता. पडताना हनुवटी छातीशी घट्ट धरायची, नाहीतर मान मोडते, हे मला स्टंट शिकवताना बाबांनीच घोकून घेतलंय. त्या दिवशी त्यांना तेवढा वेळच मिळाला नाही. कॅमेरा चालू होता, शॉट तसाच ठेवला आणि सिनेमा तुफान चालला. बाबांचा डावा हात तेव्हापासून वर होत नाही. हे मला आईनं सांगितलं, तेही दार लावून. बाहेर बाबा छातीठोकपणे सांगत आलेत, "ठरवून केलं होतं."

आता हिरोइनऐवजी मी तसंच पडायचं होतं. कौतुक बघायला बाबांना सेटवर आणून मानाच्या खुर्चीत बसवलं होतं. नवा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले.

पहिल्या टेकला मी हनुवटी आत घेऊन व्यवस्थित पडले. दिग्दर्शकाचं तोंड वाकडं.

"तुमच्यासारखं नाही झालं ना, बाबा?" त्यानं बाबांना विचारलं.

सगळे त्यांच्याकडे वळले. मला वाटलं, आता तरी खरं बोलतील. पोटची पोर आहे मी.

"मान आखडतेय ती," बाबा म्हणाले. "मोकळी सोडायला हवी."

माझं टाळकंच सटकलं. पाणी प्यायच्या निमित्तानं मी त्यांच्याजवळ जाऊन वाकले. "बाबा, तुम्ही घसरला होतात. मला माहितीय. सांगा त्यांना, नाहीतर मी सांगते."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"सांग," ते हळूच म्हणाले. "मग मला इथे कोण बसवून घेईल, तेही सांग."

मी तोंड उघडलं. लाइटवाले, मेकअपवाली, सगळे देवाकडे बघावं तसे बाबांकडे बघत होते. मला रागानं रडू येत होतं. त्यांची दयाही येत होती, आणि त्या दयेचाच जास्त राग येत होता.

"काय ताई, घ्यायचा ना अजून एक?" दिग्दर्शकानं विचारलं.

"घ्या," मी म्हटलं.

जिना चढून वर उभी राहिले. मान मोकळी सोडली. खाली सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त बाबांनी डोळे मिटून घेतले.