दोन की तीन

पास केलं म्हणून तक्रार करायला आलेली मुलगी अवातिफने विद्यापीठातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिली.

"मॅडम, मला त्रेचाळीस मिळालेत," रनीम नावाची ती मुलगी टेबलावर वाकून हळूच म्हणाली. "मी दोन प्रश्न खरडून अर्ध्या तासात उठले होते. हे मार्क माझे नाहीत."

"अगं, देवाने दिलंय तर घे की गुपचूप!"

"घरी शरबत वाटतायत, मॅडम. माझ्या घशाखाली घोट उतरत नाही. कुणाचं तरी वर्ष खाल्लंय मी."

तक्रारीच्या छापील अर्जावर 'मला अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले' एवढीच ओळ होती. जास्त मिळाले म्हणणाऱ्यासाठी सरकारने जागाच ठेवलेली नाही, आणि ठेवणार तरी कशाला? अवातिफने तिला उद्या ये म्हणून कटवलं. पण ते त्रेचाळीस गुण तिच्या डोक्यातून जाईनात.

उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकून तिला गुप्त क्रमांक घालायचा आणि तपासून आली की क्रमांकावरून पुन्हा नाव शोधायचं, हे काम परीक्षा विभागाच्या बंद खोलीत, म्हणजे 'कंट्रोल'मध्ये चालतं. नाव जुळवायचं काम अवातिफचं. यंदा क्रमांक उमटवायचं मशीन मध्येच बिघडलं, म्हणून काही क्रमांक छापील होते, काही हाताने लिहिलेले. आणि अरबीत हाताने लिहिलेला तीन अगदी छापील दोनसारखा दिसतो, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

तिने दार लावून गठ्ठा सोडला. चारशे तेराचा आकडा हाताने लिहिलेला होता आणि तिने तो चारशे बारा वाचला होता. नंतर खरा चारशे बारा आला तेव्हा, तो तर होऊन गेला, म्हणजे हा तेराच असणार, असं धरून ती पुढे गेली होती. हुवैदा नावाच्या मुलीचे त्रेचाळीस रनीमला गेले होते, आणि रनीमचे खरडलेले दोन प्रश्न हुवैदाच्या नावावर. नऊ गुण. नापास.

अवातिफच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि तिच्या फाइलवर आजवर शाईचा डाग नव्हता. मागे एकाने आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली, तर चौकशी होऊन त्याची बदली शेतकी कॉलेजच्या गोठ्यावर झाली. "आता म्हशींची हजेरी घेतो," असं शेजारच्या टेबलावरचे फिक्री दर आठवड्याला सांगून हसायचे. अवातिफला त्याचं कधीच हसू आलं नाही.

कंट्रोलप्रमुख डॉक्टर शौकत यांनी सगळं ऐकलं आणि स्वतः उठून दार लावलं.

"डीनसाहेबांची सही झालीय, मॅडम."

"पण डॉक्टर, त्या पोरीचं वर्ष..."

"तिने तक्रार केलीय?"

"नाही."

"मग झालं तर! झाकली मूठ सव्वा लाखाची. ग्रेस मार्क देऊन तरी किती देणार? नवाचे चौदा होतील. निकालावर खालची सही तुमची आहे, वरची माझी. आधी तुम्ही जाल, मग मी."

त्यांनी उठून दाराची कडी पुन्हा एकदा तपासली. ते बघून अवातिफची उरलीसुरली हिंमतही गेली. डॉक्टरच भितात, तिथे तिच्यासारखीचं काय?

खरं सांगायचं तर तिने गप्प बसायचंच ठरवलं. फक्त एकदा त्या हुवैदाच्या घरी फोन करावा, मुलगी बरी आहे एवढं ऐकावं, म्हणजे मन खाणार नाही, असा तिचा भाबडा विचार. जागेवर येऊन तिने नंबर फिरवला.

"विद्यापीठातून बोलतेय. हुवैदाचं घर ना?"

पलीकडे बाकडं सरकल्याचा आवाज आला. माणूस बहुतेक उठून उभा राहिला.

"हो, हो बाईसाहेब. मी तिचा बाप. आमच्याकडून काही चूक झाली का?"

अवातिफला आजवर कुणीही भ्यालं नव्हतं. नवरा नाही, मुलं नाहीत, साधा शिपाईसुद्धा नाही.

"नाव काढलं असेल तर काढा बाईसाहेब, आमचं काही म्हणणं नाही. मीच आता तिला पाठवणार नाही. खोटं बोलायला लागलीय."

"काय बोलली?"

"म्हणे, सगळा पेपर लिहिलाय. मी म्हटलं, एवढं मोठं विद्यापीठ खोटं बोलेल, की तू? हात उचलला मी तिच्यावर. जन्मात पहिल्यांदा. आता तीच म्हणते, बाबा, माझंच काहीतरी चुकलं असेल."

दारात डॉक्टर शौकत येऊन उभे होते. त्यांनी मान हलवून नको, नको अशी खूण केली.

"हाजी, तुमची पोरगी खोटं बोलत नव्हती," ती म्हणाली, आणि आवाज नको तेवढा मोठा निघाला. "तिने सगळं लिहिलं होतं. ती पास आहे. चूक माझी आहे. मी तीनाला दोन वाचलं."

फिक्रींचं पेन थांबलं. अख्खी खोली तिच्याकडे बघायला लागली. खरं बोललं की भीती पळते म्हणतात, ते साफ खोटं आहे. आत्ता कुठे अवातिफला खरी भीती वाटायला लागली होती.

पलीकडे बाकडं पुन्हा सरकलं.

"बाईसाहेब, फोन ठेवू नका," बाप म्हणाला. "तिला बोलावतो. हे तुम्हीच सांगा तिला. माझ्यावर आता तिचा विश्वास बसायचा नाही."