पहिल्यासारखी

“मग तुम्हीच चढा ना खांबावर!” ती खिडकीतून कडाडली, आणि दोन दिवस घरात वीज नाही म्हणून भांडायला आलेला माणूस चपापून मागे सरला.

ऑफिसातले सगळे वळून बघायला लागले. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर ती वर्षानुवर्षं बसत होती, पण तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. लोक तावातावानं येत, आईबाप काढत, आणि ती हसून म्हणे, “बघते हं, लगेच माणूस पाठवते.” ऑफिसात तिला ‘बर्फाची लादी’ म्हणत. डोकं थंड म्हणून, आणि आकारावरूनही. त्यावरसुद्धा ती हसायची. हसायला काय जातं? टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटं असत. कुणी आईवरून बोललं की दोन, साहेब बोलले की अख्खा पुडा. संताप घशाखाली उतरायचा आणि ती पुढची तक्रार घ्यायची.

आता खण रिकामा होता. वजन कमी करण्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं आणि तोवर फक्त पातळ. दूध, गाळलेलं सूप, पाण्यात कालवलेली बेचव पावडर. यकृत आकसायला हवं, एक घास जरी घट्ट गेला तरी तारीख रद्द, असं सर्जननं सगळ्या घरासमोर बजावलं होतं. तिला ते ऑपरेशन हवंच होतं. आडवं पडलं की तिचा श्वास कोंडायचा, त्यामुळे कित्येक वर्षं ती उशांना टेकून बसूनच झोपत होती. भुकेचं तिला काही वाटत नव्हतं. पण सकाळी उगाच रडू यायचं, दुपारी डोक्यात जाळ उठायचा आणि संध्याकाळी कुणाचं तोंड बघू नये असं वाटायचं.

“ताई, तुम्हीसुद्धा?” साहेब म्हणाले.

“मीसुद्धा म्हणजे? मी काय माणूस नाही?”

साहेबांनी न मागता तिला सुट्टी दिली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या समुपदेशक बाईंनी तिला नवऱ्यासोबत बोलावलं होतं. बाई समजूतदार होत्या.

“चिडचिड होणारच. इतकी वर्षं खाण्यावर मन सावरलंत, तो आधार आपण काढून घेतलाय. ऑपरेशननंतरही काही महिने हे चालेल. घरच्यांनी सांभाळून घ्यायला हवं.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुम्ही आहात ना सोबत?”

नवऱ्यानं खुर्चीत चुळबुळ केली. “मॅडम, खरं सांगू? घरी जायची भीती वाटते. पोरगी हिच्याशी बोलत नाही. परवा ही माझ्या आईला म्हणाली, तुमचा चहा तुम्ही करून घ्या. काय गोड स्वभाव होता हो हिचा! जाडी तर जाडी. आम्ही कधी तक्रार केली?”

“तुम्ही कशाला कराल?” ती म्हणाली.

“बघा! हे असं.”

“घरी नीट बोला,” बाई तिला म्हणाल्या. “तुम्ही ठाम असाल तर ऑपरेशनला माझी हरकत नाही.” मग नवऱ्याला म्हणाल्या, “पण त्यांना एकटं पाडू नका.”

त्याच संध्याकाळी नवरा केक घेऊन घरी आला, तिच्या आवडीचा, चॉकलेटचा. कुणाचा वाढदिवस नव्हता. सासूबाईंनी बशा मांडल्या, मुलीनं मोठा तुकडा कापून तिच्यापुढे सरकवला.

“एवढ्याशानं काय होतंय गं?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, प्लीज. तू पहिल्यासारखी हो ना,” मुलगी म्हणाली.

वाईट कुणीच नव्हतं. त्यांना त्यांची बाई परत हवी होती, एवढंच. हा घास गेला की तारीख गेली, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

तिनं चमचा हातात घेतला. “खाऊ?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं. मुलीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. नको म्हणायला एक जण पुरला असता.

“खा की,” नवरा म्हणाला. “आम्ही काय परके आहोत?”

तिनं खाल्लं. केक चांगला होता, तोंडात ठेवताच विरघळला. मग ती हसली. घरातलं वातावरण एकदम सैलावलं, नवऱ्यानं ऑफिसातला कसलासा विनोद सांगितला, सासूबाईंनी टीव्ही लावला. मुलगी खुर्ची ओढून तिला खेटून बसली आणि तिच्या गुबगुबीत खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “आता कशी आमची आई वाटतेस!”

तिनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि आणखी एक तुकडा मागून घेतला.