अहरोनाची दाढी आणि सेतेफानोचं कुलूप

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर सेतेफानोने पवित्र शास्त्राचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'मोली', म्हणजे दिवा. शब्द टाकला की तो शब्द असलेली सगळी वचनं समोर यायची. सामोआतल्या त्याच्या लेफागा गावात ते सगळ्यांना फुकट होतं. "देवाचं वचन विकायचं नसतं," असं तो म्हणायचा. म्हणताना आवाज आपोआप पाळकासारखा जड व्हायचा, हे त्यालाही कळायचं, पण आवरायचं नाही.

मोलीत एक खोट होती. सामोअन भाषेत 'अवा' हा शब्द जरा लांबवला की बायको होतो आणि घशातून तोडला की दाढी. लिहिताना हा फरक एवढ्याशा खुणेचा, आणि मोलीला खुणा दिसतच नव्हत्या. पाळकबाबा ते अधूनमधून सेतेफानोच्या कानावर घालायचे. "बघतो," म्हणून तो विषय बदलायचा.

मग एक लग्न आलं. पाळकबाबांनी घाईघाईत मोलीत बायको शोधली, आलेल्या वचनांतलं एक न वाचताच ठरवून टाकलं आणि लग्नात म्हणाले, "नवऱ्या मुलाने हे वचन जन्मभर जपावं. चला, सगळे मिळून वाचू." पांढऱ्या टोप्या घातलेल्या सगळ्या बायाबापड्यांनी पुस्तकं उघडली आणि एका सुरात वाचलं, की अहरोन याजकाच्या दाढीवरून तेल कसं ओघळतं. नवऱ्या मुलाने आपली गुळगुळीत हनुवटी चाचपली. मागच्या बाकावरून जे हसू फुटलं ते वेदीपर्यंत गेलं.

त्या लग्नाला सेतेफानोची भाची लोसा ऑकलंडहून आली होती. तिकडे ती प्रोग्राम लिहिण्याचंच काम करायची. रविवारी प्रार्थनेनंतर पाळकबाबांकडे जेवणं चालली होती, तेव्हा तिने विषय काढला.

"मामा, तुमचा कोड मला द्या. मी मोलीला खुणा ओळखायला शिकवते."

"कोड कशाला? चूक सांग, मी सुधारतो."

"पाळकबाबा कधीपासून सांगतायत म्हणे."

"मी आपलं हळूच सांगत होतो," पाळकबाबा ताटातल्या अळूच्या पानांकडे बघत म्हणाले.

सेतेफानो तापला. "फुकट देतोय ना? जेवायला बोलावलं म्हणून कुणी यजमानाच्या चुलीत हात घालतं का?"

"रोजच खडा लागायला लागला तर घालावा लागतो, मामा."

"आणि उद्या कुणी आत शिरून दहा आज्ञांच्या अकरा केल्या तर?"

"लगेच पकडला जाईल. शास्त्र घरोघरी उघडं आहे, कुणीही ताडून बघेल. तुमचा कोड तेवढा कुणी पाहिलेला नाही."

पाळकबाबांनी मध्यस्थी केली. "पण लोसा, फुकट मिळतंय एवढं पुरे नाही का?"

"वापरणाऱ्याला पुरतं, पाळकबाबा. पण लिहिणारा म्हातारा झाला की पुरत नाही."

"म्हातारा कोण?" सेतेफानो ओरडला आणि चष्मा शोधू लागला.

"कपाळावर आहे, अहो," त्याची बायको सुलिया म्हणाली.

घरी येताना सेतेफानोने स्वतःशी कबूल केलं की दहा आज्ञांची त्याला काडीची काळजी नव्हती. काळजी अब्रूची होती. गावाला वाटायचं, त्याने काहीतरी अद्भुत रचलंय. खरं तर त्याने आपल्याच जुन्या वीजबिलाच्या प्रोग्राममध्ये मीटरच्या आकड्यांच्या जागी वचनं कोंबली होती. आत यशया संदेष्टा अजून 'ग्राहक' म्हणूनच नांदत होता. ऑकलंडच्या पोरीने हे बघायचं? त्यापेक्षा चड्डीवर चर्चला गेलेलं बरं.

पण गावात त्याला बघून लोक हनुवटी कुरवाळू लागले. मंगळवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तो उभा राहिला आणि जाहीर केलं, "आजपासून मोली सगळ्यांसाठी उघडी! ज्याला हवं त्याने आत बघावं, सुधारावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या औदार्याने त्याचेच डोळे भरून आले. वर आपण एक हुंदकाही दिला, हे आठवून पुढे कित्येक दिवस त्याचे कान गरम व्हायचे.

कोड मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर होता. सेतेफानोने वर्षानुवर्षं न हललेली चटई त्याच्यावरून अलगद काढली आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, तर आतून कुणी नारळ खवतंय असा आवाज आला आणि थांबला. लोसाने खोका उघडला. खाऱ्या हवेने आतलं सगळं गंजून गेलं होतं आणि एका कोपऱ्यात पालीने अंडी घातली होती.

"दुसरी प्रत कुठंय, मामा?"

"केली नाही. चोरीची भीती."

"कोण चोरणार होतं?"

सेतेफानो विचार करत राहिला. एकही नाव सुचेना. सुलिया इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिच्याकडे बघता बघता तोही हसू लागला, पण तिच्याएवढं त्याला जमलं नाही.

राजधानी आपियातल्या दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. मग लोसाने परत गेल्यावर नवंच सॉफ्टवेअर सुरू केलं, पहिल्या ओळीपासून सगळ्यांना दिसेल असं. सेतेफानोने आठवडाभर रुसवा धरला आणि मग फोन करून विचारलं, "मला काही काम आहे का?"

काम होतं. त्याने मन लावून एक तुकडा लिहिला आणि पाठवला. सकाळी शेजारच्या टोंगा बेटांवरून, तोच उघडा कोड वाचणाऱ्या मेले नावाच्या कुणा बाईचं उत्तर आलं: 'छान. पण हे निम्म्या ओळींत होईल. आणि खालचा भाग कधी चालतच नाही, तो कशाला ठेवलाय?'

सेतेफानो चहा अर्धवट सोडून समुद्रावर गेला. बराच वेळ तिथे पायाने वाळू उडवत उभा राहिला. परत आला तो सुलियावरच बरसला. "ओळख ना पाळख! कुणीही उठतं आणि माझं लिहिलेलं वाचतं!"

"मग जरा नीट लिहा," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

तो कॉम्प्युटरसमोर बसला. बाईचं म्हणणं बरोबर होतं. त्याने खालचा भाग पुसला, मेलेबाईंना लिहिलं, 'बरं. निम्म्या ओळींत कसं ते मला शिकवाल का?' आणि उत्तराची वाट बघत बसला.