मेंढीच्या तोंडची ओळ

राहीबाई शाळेत आली ती पोरीचं नाव पटावरून काढायलाच. शहाण्णव सालची दिवाळी सरली होती, जतच्या माळावर चारा उरला नव्हता आणि मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचं होतं. गेल्या साली नवरा गेला तेव्हापासून पिंकीनं तोंडाला कुलूप घातलं होतं. घरात मुकी, ती शाळेत काय दिवे लावणार? निदान कोकरं तरी सांभाळील, असा राहीबाईचा विचार.

दारातच हशा कानावर आला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. शाळा म्हणायची की तमाशा!

आत राजरत्न गुरुजींचा शनिवारचा उद्योग चालला होता. वर्तमानपत्रातलं चित्र कापून फळ्यावर चिकटवायचं आणि ते काय बोलत असेल, त्याची एकेक ओळ पोरांनी लिहायची. महिनाभर एकच मेंढी फळ्यावर ठाण मांडून होती. डोळे वटारून बघणारी ती मेंढी सोडायला पोरं तयारच नव्हती.

राहीबाई तडक फळ्यापाशी गेली आणि मेंढीचा कान निरखू लागली. चित्र आहे हे तिला कळत होतं. पण मेंढी म्हटली की ती कुणाच्या तरी कळपातली असणारच.

"कानाची खूण आमची न्हाई. कुनाची हाय वं ही?"

वर्ग खदाखदा हसला. ती ओशाळली.

"बसा बाई. आजची पहिली ओळ ऐका," म्हणत गुरुजींनी वाचलं, "लोकर नेली, कोकरू नेलं, आता फोटूबी नेला व्हय!"

पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. राहीबाईलाही हसू आवरेना. "कुनी लिवलं हे?"

"तुमच्या पिंकीनं. दर शनिवारी पोरं आधी तिचीच ओळ मागतात."

राहीबाईनं वळून पाहिलं. पिंकी फ्रॉकचं टोक तोंडात कोंबून हसत होती. वर्षभर हे हसू तिनं ऐकलं नव्हतं.

"आये, तूबी सांग की एक!" वर्षभरात पहिल्यांदाच पिंकी आईशी बोलली.

राहीबाई गडबडली, मग पदर सावरून म्हणाली, "फोटू झाला आसंल तर वाट सोड, मागनं आख्खा कळप यायलाय!"

गुरुजी पोट धरून हसले आणि तिची ओळ त्यांनी फळ्यावर लिहिली.

"पोरगी माझ्या भनीकडं, साळूबाईकडं ऱ्हाईल. शाळा बुडायची न्हाई," निघताना राहीबाई म्हणाली. "गुरुजी, लय उपकार झालं. माझी पोर मला परत मिळाली."

"मी काय शिकवलं, बाई? नुसतं चित्र चिकटवलं."

"मग तेवढं चिकटवत ऱ्हावा," म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले.