मारुतीच्या पारामागची रुई

मी साखरखेर्ड्याच्या माळावरचं फुलपाखरू बोलतेय. गोड बोलणार नाही, आधीच सांगते. पंख नारिंगी, किनार काळी, दिसायला बरी आहे. पण रुईची पानं खाऊन वाढलेय. चिमणीसुद्धा मला तोंडात धरून थुंकते.

माझ्या शेकडो पिढ्यांमागं म्हणे माळभर रुई होती, कुसळी गवत होतं. मग महाराष्ट्र झाला आणि ‘पडीक ठेवायचं नाही’ म्हणत लोकांनी माळ नांगरला. रुई उपटून बांधावर जाळली. उरलं ते मारुतीच्या पारामागचं एक झुडूप. आमच्या अळ्या तर दुसरं काही तोंडाला लावत नाहीत.

शुक्रवारी तिथं मी अंडी घातली. एका पानाखाली एक, अशी एकवीस. फार शहाणी ना मी! कोवळी, बिनडागी पानंच निवडली. देवाच्या माळेलाही तीच लागतात, हे मला कोण सांगणार?

शनिवारी सोजराबाई आल्या. मागं त्यांची सून कोकिळा, कडेवर दीड वर्षाचं लेकरू. ते अजून पाऊल टाकत नव्हतं, म्हणून तिनं पाच शनिवार मारुतीला रुईची माळ बोलली होती.

“आत्याबाई, पानाखाली खसखशीएवढं काहीतरी चिकटलं हाये.”

“मंग पुस नं पदरानं! देवाले घाण घालशीन काय?”

तिनं पुसलं. एकवीस वेळा. मी तिच्या डोळ्यांसमोर फडफडले, गालावर आपटले. ती लेकराला म्हणाली, “पाह्य बापू, पाखरू तुह्यासंगं खेळून राह्यलं!”

खेळत होते मी!

लेकराची काळजी मला शिकवू नका. मीही घाबरूनच जगते. पण माझ्या एकेका लेकराला सोळा पाय आले असते, बाई.

आठवड्यात आणखी दोनच अंडी जमली. दुसऱ्या शनिवारपर्यंत एकातून अळी निघाली होती.

“आत्याबाई, हे जित्तं हाये. चालून राह्यलं.”

“झटक तिकडं! काऊन थांबली वं?”

कोकिळा बघत राहिली. मग ते पान सोडून तिनं शेजारचं तोडलं. त्याखाली माझं शेवटचं अंडं होतं. ते तिनं सवयीनं पुसलं.

एक वाचली, म्हणून आभार मानायचे? मला जमत नाही. कदाचित मीच कोत्या मनाची असेन.

पंख विरलेत. तिसरा शनिवार मला दिसायचा नाही. कोकिळे, तुझं लेकरू चालो. पण माझं त्या झुडपावर एकटं आहे, आणि त्याला रोज भूक लागते. तेवढी पानं ठेव. मी हात जोडून सांगत नाहीये.