मधली भिंत

खारसोंड्याच्या नव्या मासळी बाजाराचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाई टोपली घेऊन सात नंबरच्या ओट्यावर चढली. ऐसपैस बसली, विळी मांडली आणि सवयीनं उजवीकडे हात लांबवून म्हणाली, "दे गो इकडं."

हात भिंतीवर आपटला. पांढरीशुभ्र टाइल, गार, बसल्या माणसाच्या डोक्यावरून जाणारी.

"मेलीस का काय?" भिंतीपलीकडून, आठ नंबरवरून ठमाबाईचा आवाज आला. "जिताडा कापायचाय. गिऱ्हाईक उभं हाय."

तीस वर्षं दोघी मांडीला मांडी लावून बसत होत्या. सात वर्षांपूर्वी ठमाबाईचा डावा हात वारं जाऊन लुळा पडला, तेव्हापासून तिचे मासे गोदूबाईच्या विळीवर कापले जायचे. आणि गोदूबाईचे मासे ठमाबाईच्या तोंडानं विकले जायचे. कारण गोदूबाईचं बोलणं असं की तिच्या तोंडून भाव बाहेर पडेपर्यंत गिऱ्हाईक वडखळच्या नाक्यावर पोचायचं. ठमाबाईची आरोळी मात्र रस्त्यापलीकडे ऐकू जायची:

"आला गो जिताडा, खाडीचा नवरा,
बघताय काय बायांनो, पदर सावरा!"

आणि बाया हसत हसत वळायच्या.

आता डोलवीच्या कारखान्यातली रातपाळी संपवून आलेला माणूस जिताडा हातात धरून आठ नंबरवरून निघायचा, टोकापर्यंत चालायचा, दोन वाटांमधला कठडा संपला की वळायचा आणि पलीकडच्या बोळातून सात नंबरला यायचा. साथीच्या दिवसांत काढलेला नकाशा होता तो. प्रत्येक विक्रेतीला तीन बाजूंनी भिंत, शेजारशेजारच्या ओट्यांना वेगवेगळी वाट. दोन दिवस माणसांनी वळसा घातला. तिसऱ्या दिवशी एकजण म्हणाला, "मावशी, मासळी घ्यायला आलोय का प्रदक्षिणा घालायला?" आणि जिताडा तिथंच ठेवून गेला.

पाचव्या दिवशी ठमाबाईनं भरलेली टोपली तशीच डोक्यावर घेतली. "उद्यापासून मी येत नाय गो. घरी बसून सुनंची बोलनी खाईन, पन हे नको."

गोदूबाईचं डोकं फिरलं. तिनं एसटी पकडली आणि थेट पेणला, बाजाराचा नकाशा काढणाऱ्या इंजिनीअर बाईच्या ऑफिसात गेली. अनसूया तिचं नाव. रोह्याच्या मास्तरांची लेक. दुसऱ्या लाटेत मास्तर गेले, तेव्हा हिला त्यांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं. पोर गोड बोलायची. तिनं गोदूबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"हातभर भोक पाडून द्या फकस्त," गोदूबाई म्हणाली. "मासा जाईल येवढं."

"मावशी, नकाशा मंजूर झालाय. एक वीट हलवायची तरी वरून परवानगी लागते. अर्ज मी लिहून देते. पण वर्ष जाईल."

"मग एका ओट्यावर दोघी बसू?"

"एका ओट्यावर एकच. नियम आहे."

"रोग गेला ना पन!"

"पुन्हा आला तर?"

गोदूबाई उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं तोंड चाललं. "कोनी सांगितल्या तुमाला या भिंती? पंख्याखाली बसून रेघा मारल्यात! आमच्यात येऊन कदी बसलात?"

"बसले होते, मावशी." अनसूयानं फाइल उघडली आणि एक फोटो पुढं सरकवला. "साथीच्या पहिल्या पावसाळ्यात. चार दिवस होते मी तुमच्या जुन्या बाजारात. हे बघूनच नकाशात भिंती आखल्या. मला वाटलं, तुम्हाला हेच हवंय."

फोटोत रस्त्याची कड होती. दोन बायका होत्या. दोघींच्या मधे बांबूला ताणून बांधलेली निळी ताडपत्री होती.

ती गोदूबाईनंच बांधली होती. ठमाबाई खोकत होती, आणि गोदूबाईच्या घरी सून पोटुशी होती. कुणाला न विचारता, न बोलता बांधली आणि दिवाळीनंतर तशीच, न बोलता सोडली. तिला वाटलं होतं, गाठ सुटली की संपलं.

पाणी न पिताच ती बाहेर पडली.

संध्याकाळी ती ठमाबाईच्या पडवीत जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. "माझ्यामुलंच झालं गो हे."

"ताडपत्री काय मी बघितली नव्हती?" ठमाबाई म्हणाली. "माझ्याच तोंडापुढं बांधलीस. दोन दिस घास उतरला नाय माझा."

"मग बोलली का नाय?"

"काय बोलू? मला पन तुझं भ्या वाटत व्हतं. मीच बांधली असती आधी. एका हातानं गाठ बसंना."

मग ठमाबाई हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी गोदूबाईनं ग्रामपंचायतीत जाऊन सात नंबर सोडल्याचं लिहून दिलं. ओट्यावर एकच, असा नियम होता. ओट्याखालच्या जमिनीबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. ती आठ नंबरच्या पायथ्याशी, ओल्या फरशीवर, पोत्याचा तुकडा अंथरून बसली. दोघींची मासळी आता वर एकाच टोपलीत होती. वरून ठमाबाईची आरोळी जायची, खाली विळी चालायची. गिऱ्हाईकांच्या चपला तिच्या गुडघ्याला लागत. वरचं खवल्यांचं पाणी पाठीवर ठिबकत असे. सात नंबरवर अंडीवाला आला आणि त्यानं भिंतीला अंड्यांचे ट्रे टेकवले.

आठवड्यानं पेणची एक अनोळखी बाई आली. तिनं दोन बोयटं घेतली आणि खाली बघून ठमाबाईला विचारलं, "कापायला बाई ठेवलीत वाटतं?"

ठमाबाईनं तोंड उघडलं.

गोदूबाईनं खालूनच बोयटं ओढून घेतली. "व्हय, ठेवलीय," ती म्हणाली. "तुकडे किती करू?"